झिऱ्याचे जाणकार

आमच्या दाजींना पाण्यातलं कळतं. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणतात आणि दिवसातून दहा वेळा म्हणतात. दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, मंजुळाचे यजमान मुंजाबा. हर्सूलच्या पलीकडच्या डोंगरात साठेक मेंढरं चारतात. मीही त्यातलाच, पण पोरवयात हातातली काठी टाकून चिकलठाण्याच्या कारखान्यात लागलो. तेव्हापासून दाजींच्या लेखी मी वाया गेलेला माणूस आहे.

त्यांची विद्या अशी. ओढ्याचं पाणी सरळ तोंडाला लावायचं नाही. काठापासून दोन हात लांब वाळूत खड्डा करायचा, त्याला आम्ही झिरा म्हणतो. त्यात पाझरून येणारं पहिलं गढूळ पाणी वाटीनं उपसून फेकायचं, दुसरंही फेकायचं, मग निवळलं की जुन्या लुगड्याची चौपदरी घडी घालून गाळायचं. इथवर मी नावं ठेवत नाही, बापजाद्यांचं ज्ञान आहे. पण पुढची पायरी मंजुळाची होती. ती तीन दगड मांडायची, काटक्या पेटवायची आणि ते गाळलेलं पाणी पातेल्यात चांगलं खळखळ उकळायची. झाकून गार करायची, मगच प्यायची. आमच्या आईनं लावलेली सवय.

दाजींना हा स्वतःचा अपमान वाटायचा. "आगं, मेंढरू नाक लावून पाणी पितं. मेंढरं पिली की माणसानं डोळं झाकून प्यावं. त्याला कळतं आन् तुला कळंना व्हय?" मेंढरू गटारातलंही पितं, पण दाजींना सांगणार कोण?

शिवाय ओढ्याच्या वरच्या अंगाला आता प्लॉट पडलेत. घरं उठली, घरांना संडास आले, आणि त्या संडासांचं पाणी कुठं मुरतं हे विचारायला कुणाला सवड नाही. दाजी खाली वाळूत झिरा खणतात आणि आजोबांचा हवाला देतात. आजोबांच्या वेळी वर बोरी-बाभळींशिवाय काही नव्हतं.

त्यात शहरातली रविवारची मंडळी डोंगरात फिरायला यायला लागली. टोप्या, काळे चष्मे, पाठीवर पाण्याच्या नळीवाल्या पिशव्या. त्यांच्या म्होरक्या शीला मॅडम. त्यांनी दाजींचा झिरा पाहिला आणि त्यांना साक्षात्कारच झाला. त्यांनी मोबाइलवर दाजींचा व्हिडिओ फिरवला, 'डोंगरातले जलगुरू' म्हणून. त्या दिवसापासून दाजींचे पाय जमिनीला लागेनात.

गेल्या भाद्रपदात एका रविवारी मी बहिणीला भेटायला डोंगरात गेलो होतो. मंडळी हजर होतीच. दाजींनी झिरा खणला, पाणी उपसलं, गाळलं, आणि तेही मोबाइलकडं तोंड करून. मंजुळानं पातेलं चुलीवर ठेवलं तशा शीला मॅडम म्हणाल्या, "बाबा, ती चूल बाजूला घ्या ना. धुरात काही दिसत नाही. आणि उकळलं तर ते नैसर्गिक कसं राहणार?"

दाजींनी पायानं दगड उधळले. पातेलं कलंडलं.

"अहो, उकळू तरी द्या," मंजुळा म्हणाली.

"चार लोकांत इज्जत घालवती का माझी? ताजं भर आन् पी. ह्यांना दिसू दे."

वाटी भरून आधी मंडळींत फिरली. प्रत्येकानं ती ओठांजवळ धरून फोटो काढला, घोट मात्र एकानंही घेतला नाही. इतका ढोंगी घोळका मी जन्मात पाहिला नव्हता. वाटी तशीच भरलेली मंजुळापाशी आली. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी बाभळीखाली बसून घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी पीत होतो. मला गंमत वाटत होती. मी दुसरीकडं पाहिलं. पाहुण्यानं कशाला मध्ये पडायचं? तिनं वाटी संपवली. भाकरीवर आणखी दोन वाट्या झाल्या, दाजींच्याही तेवढ्याच.

तिसऱ्या दिवशी मंजुळा दवाखान्यात होती. वांत्या, जुलाब, डोळे खोल गेलेले, हातापायांत गोळे. दाजींचं पोट नुसतं गुरगुरून थांबलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं आणि सांगितलं, "अंगातलं पाणी संपलंय. लघवी बंद आहे. उद्यापर्यंत झाली नाही तर किडनीचं अवघड आहे, जिवावर बेतेल." पाणी कुठलं प्यायलात, असं त्यांनी विचारलं.

"झिऱ्याचं. मेंढरांनी पिलेलं," दाजी म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि पुढच्या खाटेकडं गेल्या. शीला मॅडमना कळवलं, तर त्यांनी मोबाइलवर हात जोडल्याचं चित्र पाठवलं, सोबत एक गुलाबाचं फूल.

मग मी दाजींना बाहेर पायऱ्यांवर धरलं. वरचे प्लॉट, संडास, मेंढरांचं नाक, फोटोची हौस, काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नाही. येणारे-जाणारे थांबून ऐकत होते, म्हणून आवाज आणखी चढवला. दाजी मांडीवर पटका घेऊन खाली मान घालून बसले होते. मला खूप बरं वाटलं, कशाला खोटं बोलू?

दुसऱ्या दिवशी दुपारी लघवी झाली. किडनी वाचली, बहीण वाचली. मी तिच्या उशाशी बसलो आणि म्हणालो, "काळजी करू नको. दाजींना असं झापलंय, जन्मात विसरणार नाहीत."

छताकडं बघतच ती बारीक आवाजात म्हणाली, "दादा, त्यांना कळत नव्हतं. म्हणून त्यांनी बी माझ्याबरोबर तेच पिलं. तुला कळत व्हतं ना? मग मला का नाय दिलंस तुझ्या बाटलीतलं?"

तिचे ओठ सुकलेले दिसले म्हणून मी बाटलीचं झाकण उघडलं आणि ती पुढं केली. तिनं माझ्या हाताकडं पाहिलं नाही. खाटेच्या पायथ्याशी दाजी उभे होते, त्यांना म्हणाली, "अहो, पाणी द्या."