सासऱ्यांच्या शहरातलं मोहाचं झाड

आमच्या सासऱ्यांनी जितकी शहरं वसवली तितकी इंग्रजांनीही वसवली नसतील. गोंडपिपरी तालुक्यातल्या एका खेड्यात त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. कपडा बेतायच्या खाकी कागदावर ते पेन्सिलीने शहरं काढतात. ही शहरं पृथ्वीवर कुठेच नाहीत, पण सांडपाण्याच्या नाल्यांपासून बसस्टँडच्या मुतारीपर्यंत सगळं त्यांत जागच्या जागी असतं. गिऱ्हाईक पँट न्यायला आलं की हे मान वर न करता म्हणतात, "पूल बांधून राह्यलो ना भाऊ, उद्या ये." गिऱ्हाईकही पूल कुठवर आला ते वाकून बघतं आणि निमूट परत जातं. स्वतः सासऱ्यांनी चंद्रपूरपलीकडचं शहर पाहिलेलं नाही. पुण्याला आमच्याकडे या म्हटलं की त्यांची कंबर धरते.

त्यांची रीत उलटी. आधी मोहाची झाडं, मग घरं, उरलेल्या जागेत रस्ते. त्या भागात मोहफुलं वेचायला घरोघरची झाडं ठरलेली असतात, दुसऱ्याच्या झाडाखाली कुणी टोपली घेऊन जात नाही. तोच कायदा शहराला. त्यामुळे एक रस्ता सरळ असेल तर शपथ, सगळे झाडांना वळसे घालत शर्टाच्या मुंढ्यासारखे फिरतात. शिवाय प्रत्येक शहरातून एक रुंद पट्टा वाघासाठी मोकळा. "शहर झालं म्हून तो येनं सोडन का?" असा त्यांचा सवाल. त्या पट्ट्याला अगदी खेटून एकच घर असे, ते माझं. एकुलती एक लेक मी पुण्याला नेली, त्याचा हा राग. बायको भांडायची, "बाबा, मीबी त्याच घरात राह्यतो ना!" त्यावर ते शांतपणे म्हणत, "तुले काई करत नाई तो. जवाईबापूचं मी सांगत नाई."

यंदा दिवाळीत आम्ही पुण्यात फ्लॅट घेतल्याचं सांगायला गेलो. आता आपण कायमचे तिकडचे झालो, हे बापाला कसं सांगावं याची बायको वाटभर जुळवाजुळव करत होती. दुकानात तिने एका दमात सांगून टाकलं. सासरे म्हणाले, "बरं केलं." मग रबर घेऊन त्यांनी नकाशातलं आमचं घर सावकाश पुसलं. बायकोचे डोळे भरून आले. मलाही वाईट वाटलं, इतक्या वर्षांत त्या वाघाचीसुद्धा सवय झाली होती. तेवढ्यात पँटसाठी थांबलेला शेजारी कागदावर वाकून म्हणाला, "भाऊ, हे बाजूचं झाड मंग मले द्या आता."

"हात नोको लावू. पोरीचं हाये ते," सासरे एकदम कडाडले. "घर तिनं कुठीबी बांधावं."

मग त्यांनी वाघाचा पट्टा खोडला आणि झाडापासून दूर, पार नदीकाठाने नवा आखायला घेतला. मी विचारलं, "वाघ काऊन हलवला?"

"फुलं येचाले येईन ना पोरगी," ते पेन्सिल न थांबवता म्हणाले.

मोह झडतो त्या दिवसांची रजा मी पुण्याला पोचल्या पोचल्या टाकली.