गोपाळे मास्तरांची कागदांची पेटी

शिरगावच्या हौशीराम गोपाळ्यांचा थोरला दत्तोबा इंग्रजीचा मास्तर झाला, याचं गावाला कौतुक कमी आणि नवल जास्त. घरी भाताची खाचरं, दोन बैलजोड्या, आणि हे पोरगं औताच्या मागं जायचं सोडून देहूरोडच्या लष्करी डेपोत खोकी मोजायला लागलं. लढाईचे दिवस होते. खोक्यांवर इंग्रजीत काय काय छापलेलं असे: कुठली बाजू वर ठेवायची, कुठलं उन्हात ठेवायचं नाही, कुठलं आपटलं तर उचलणाऱ्यासकट उडेल. हे शेवटचं लवकर वाचता यावं म्हणून आपण इंग्रजी शिकलो, असं दत्तोबा पुढं हसत सांगे. डेपोतल्या एका म्हाताऱ्या हेडक्लार्कनं त्याला वाटेला लावलं. बाहेरून मॅट्रिक झाला, मग पडत धडपडत बी.ए., आणि लोणावळ्याच्या हायस्कुलात कोट चढवून उभा राहिला तेव्हा तिशी उलटून गेली होती.

अकरावीला इंग्रजीच्या पेपरात एक न वाचलेला उतारा येतो आणि त्याखाली प्रश्न. मुलाला भाषा कळते की नुसतं पाठ येतं, ते तिथं उघडं पडतं. बाकीचे मास्तर उतारे देत ते विलायतेतले. त्यात बर्फ पडे, शेकोटीशी आजोबा बसत, कुत्रा मान टाकून झोपे. मावळातल्या पोरांनी बर्फ पाहिलेला तो फक्त सरबताच्या गाडीवर. गोपाळे मास्तर वैतागत. म्हणत, "तुम्हाला इंग्रजी भेटणार ते तारेत, नोटिशीत, रेल्वेच्या कागदात. ते वाचता आलं तर आलं म्हणायचं. नाहीतर पुराणातली वांगी पुराणात!"

म्हणून त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात चहाची एक रिकामी पत्र्याची पेटी टांगली. झाकणाला फट पाडली आणि वर मराठीत पाटी लावली: 'घरातले जुने इंग्रजी कागद येथे टाकावेत.' मुलं आणत, मुलांचे बाप आणत. जमिनीच्या नोटिसा, माल सोडवायच्या पावत्या, दहा वर्षांपूर्वीच्या तारा. दर शनिवारी मास्तर पेटी घरी नेत आणि कात्रीनं प्रत्येक कागदाचं डोकं आणि पाय कापत. वरचा पत्ता गेला, तारीख गेली, खालची सही गेली. कुणाच्या घरची गोष्ट वर्गात चव्हाट्यावर येऊ नये, एवढाच त्यात हेतू होता. कापलेल्या पट्ट्या बायको, कस्तुराबाई, बंबात घाली. उरलेले मजकूर फायलीत जात आणि त्यातून चाचणीला, सहामाहीला एकेक उतारा निघे. मुलं खरोखरच सुधारली. तळेगावचे मास्तर उतारे मागायला येऊ लागले. गोपाळे मास्तर वरवर 'छे, छे' म्हणत, पण घरी आल्यावर त्या दिवशी चार घास जास्त जेवत.

त्रेसष्ट सालच्या श्रावणात या पेटीत सावित्राबाईचा कागद पडला.

सावित्राबाई लोहगडवाडीची, डोंगरातली विधवा. बाजाराच्या दिवशी पत्रावळी आणि रानभाजी घेऊन लोणावळ्याला उतरायची. तिचा एकुलता एक नवशा कोयनेकडं धरणाच्या कामावर गेलेला. पहिली दोन वर्षं कुणाकुणाच्या तोंडी निरोप यायचा, होळीपासून तोही बंद पडला. पोरगं आहे कुठं, एवढंच तिला कळायला हवं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं तिचं. श्रावणात पोस्टमननं तिच्या हातात पाकीट ठेवलं, आत बघून म्हणाला, "इंग्रजी हाय. हायस्कुलात ने, गोपाळे मास्तर वाचत्याल."

ती शाळेत आली तेव्हा तास चालू होता. व्हरांड्यात कोंडाजी शिपाई होता. इंग्रजी कागद घेऊन आलेली माणसं त्यानं शंभर पाहिली होती. त्यानं कागद घेतला, पेटीत सरकवला आणि म्हणाला, "मास्तर वाचत्याल, मावशी. काय असलं तर सांगत्याल." दुसऱ्या दिवसापासून कोंडाजी महिनाभर रजेवर गेला. त्याच्या भावाचं घर पावसात बसलं होतं.

शनिवारी मास्तरांनी कागद काढला. दवाखान्यातल्या कुणा परप्रांतीय नर्सबाईनं हातानं लिहिलेलं पत्र. वाक्यं साधी, अक्षर टपोरं. तुमचा मुलगा आमच्याकडे आहे. छातीचा आजार आहे. तो रोज आईबद्दल विचारतो. एकदा आईचा पाय मोडला तेव्हा मी तिला पाठीवर घेऊन गडाखालून स्टेशनपर्यंत नेलं होतं, आता तिनं येऊन मला घरी न्यावं, असं तो म्हणतो. आम्हाला वाटतं, तुम्ही फार दिवस लावू नयेत.

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. गलबलून आलं त्यांना, हे खोटं नाही. कुणाची आई असेल, पोचली असेल बिचारी वेळेवर, असं मनात आलं. जुने कागद टाका म्हटल्यावर कामातला कागद कोण कशाला टाकेल? मग दुसराही विचार आला, की उतारा फार चांगला आहे, शब्द सोपे आहेत पण अर्थ खोल आहे. वरच्या तारखेकडं न बघताच त्यांनी कात्री घेतली.

सावित्राबाई पुढच्या तीन बाजारांना शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. तिसऱ्या वेळी मास्तर समोरून आले.

"काय हवंय, मावशी?"

"पेटीत कागूद टाकलाता, मास्तर. इंग्रजी."

"हो का? मिळाला असेल. फार उपयोग होतो हो पोरांना," मास्तर म्हणाले आणि घंटा झाली म्हणून लगबगीनं आत गेले.

ती माघारी वळली. शिकलेल्या माणसाला परत परत काय विचारायचं? त्यांनी कागद वाचला, वाईट असतं तर बोलले असते. बोलले नाहीत, म्हणजे पोरगं बरं असणार. तिनं वाडीत जाऊन सगळ्यांना तसंच सांगितलं. नवशा बरा हाय, मास्तरांनी कागूद वाचलाय. शेजारच्या बयाबाईला तिनं त्या आनंदात पायलीभर नाचणीही दिली.

दसऱ्यानंतर सहामाही आली. इंग्रजीच्या पेपराला मास्तर स्वतः वर्गात फिरत होते. ह्या वेळचा उतारा त्यांना मनापासून आवडला होता. मुलाला 'रामू' नाव दिलं होतं, दवाखान्याचं नाव गाळलं होतं. खाली पाच प्रश्न. रुग्ण कोणाची वाट पाहतो? त्यानं आईसाठी काय केलं होतं? आईनं लवकर का यावं?

खिडकीजवळ शिदू बसला होता. लोहगडवाडीतून अकरावीपर्यंत आलेला तो पहिला मुलगा. पहाटे डोंगर उतरून मळवलीला यायचा आणि तिथून गाडीनं शाळेत. अर्ध्या तासानं तो उभा राहिला. मास्तरांना वाटलं, पुरवणी हवी असेल.

"सर, ह्यो नवशा हाय."

"कोण?"

"उताऱ्यातला. ह्यो आमचा नवशा हाय."

"उताऱ्यात रामू आहे. खाली बस, वेळ जातोय."

"न्हाई, सर." शिदू बसला नाही. "आईला पाठीवर घिऊन मळवलीपतूर गेलता, त्यो नवशाच. मी बारका व्हतो, त्याच्या मागं पळालतो. सावित्रामावशीला ठावं न्हाई, सर, ह्यातलं. ती म्हनती, त्यो बरा हाय."

वर्गातले सगळे टाक थांबले. फाटकाशी उभी राहिलेली बाई मास्तरांना आठवली, आणि आपण तिला काय म्हणालो तेही.

त्यांनी पेपर दुसऱ्या मास्तरांच्या हवाली केला आणि घरी धावले. फायलीतल्या मूळ कागदाच्या मजकुरात दवाखान्याचं नाव होतं, साताऱ्याच्या पुढचं. शिदूला घेऊन ते वाडीवर गेले, सावित्राबाईला गाठलं, एवढंच म्हणाले, "नवशाचा पत्ता लागलाय, मावशी, चला." तिनं कालची भाकरी फडक्यात बांधली आणि तिघं निघाली. गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती आणि मधेच हसत होती. पुण्याला एसटीत चढताना तिनं विचारलं, "वळखंल न्हवं मला?" मास्तरांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दवाखान्याच्या ओसरीवर पोचले. पत्र लिहिणारी नर्सबाई बाहेर आली. तिला मराठी फारसं येत नव्हतं. सावित्राबाईकडं पाहून तिनं कपाळाला हात लावला आणि मास्तरांशी इंग्रजीत बोलू लागली. हळू, एकेक वाक्य. सोमवारी पहाटे गेला. आम्ही तीन दिवस ठेवला, मग इथंच सगळं केलं. कळवणारं पत्र टपालात आहे. शेवटपर्यंत फाटकाकडं तोंड करून झोपायचा.

सावित्राबाई मास्तरांच्या तोंडाकडं बघत होती. मास्तर मराठी शब्द शोधत होते, पण शिदूला तोवर सगळं कळलं होतं. त्यानं मान खाली घातली. म्हातारीनं त्याच्याकडं पाहिलं आणि मास्तर काही बोलायच्या आत ओसरीवर बसली.

लोणावळ्यात कुणी मास्तरांना बोल लावला नाही. कोंडाजीनं सगळं आपल्या अंगावर घेतलं, मास्तरांच्या पायावर डोकं ठेवून रडला. हेडमास्तर म्हणाले, "तुम्ही स्वतः घेऊन गेलात तिला, आणखी काय करणार?" शिदूचा पेपर पुन्हा घेतला. पेटी तेवढी उतरवली. मास्तर कामावर जात होते, शिकवत होते, पण घास त्यांच्या घशाखाली उतरेना. कस्तुराबाई म्हणे, "चूक शिपायाची, तुम्ही का झुरता?" ते तिलाही काही सांगत नसत. त्यांना ठाऊक होतं की कोंडाजीनं फक्त कागद पेटीत टाकला होता.

कार्तिकात एका बाजारच्या दिवशी सावित्राबाई शाळेत आली. या वेळी फाटकाशी थांबली नाही, थेट व्हरांड्यात येऊन खांबाला टेकून बसली. डोक्यावरची पाटी रिकामी होती.

"त्यो कागूद हाय का, मास्तर? मला वाचून दावा. आपल्या भाषेत."

मास्तरांनी तो फायलीतून आणला. डोकं नसलेला, पाय नसलेला कागद. ते तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि वाचू लागले. छातीचा आजार. रोज आईबद्दल विचारतो. पाठीवर घेऊन स्टेशनपर्यंत. तिथं ती म्हणाली, "त्ये परत वाचा." त्यांनी परत वाचलं. तिनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग पदरानं तोंड पुसलं.

"तुमी ह्यो वाचलाता कवा?"

परीक्षेच्या वेळी, असं सांगता आलं असतं. तिनं मानलं असतं, सगळ्यांनी मानलंच होतं.

"तुम्ही पेटीत टाकलात ना, त्याच आठवड्यात," ते म्हणाले. "श्रावणात. दोनदा वाचला."

म्हातारीनं बोटं मोजली. श्रावण, भादवा, अश्विन. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती फक्त हिशेब नीट लागतोय का ते बघत होती.

"तवा त्यो व्हता," ती म्हणाली.

"व्हता, मावशी," मास्तर म्हणाले.