बोरच्या रस्त्यावर वाजलेला डबा

भूत, चकवा, बाहेरचं... यातलं मी काहीच मानत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून ह्यांच्यासोबत अंधारात वावरात ओलीत केलं आहे, पिकाला पाणी दिलं आहे. साप पाहिले, रानडुकरं पाहिली, पण उलगडा होणार नाही असं कधी काही पाहिलं नाही. माझी मुलगी रेणू मोबाईलवर लोकांचे असे अनुभव वाचून दाखवायची तेव्हा मीच म्हणायची, "ज्याले काम नाई त्याले भूत दिसते."

आता मीच लिहायला बसले आहे. कुणाला दाखवायचं नाही, पण ती माणसं लिहितात तसंच, वाचणारा समोर बसला आहे असं समजून लिहिते. तोंडानं सांगायचं म्हटलं की माझा आवाज फुटत नाही. शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा चुकलं तर समजून घ्या.

आम्ही देवळीजवळ राहतो. वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर लावतो आणि बाजाराला नेतो. रेणू कॉलेजसाठी वर्ध्याला माझ्या दिराकडे राहते. दीर ऑफिसात आहेत. धाकटी जाऊ वैशाली शाळेत शिक्षिका. वैशालीला मूलबाळ नाही. तिची आई ती लहान असतानाच गेली, मामानं वाढवलं, तरी एवढी शिकली, हे सासूबाई होत्या तोवर मला उठता-बसता ऐकवायच्या. वैशाली वाईट आहे असं मी म्हणणार नाही. वाईट असती तर बरं झालं असतं... राग तरी धरता आला असता.

कोजागिरी होऊन गेली होती, दिवाळी यायची होती. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या. वैशालीनं नवीन गाडी घेतली होती आणि ती स्वतः चालवायची. म्हणाली, "ताई, बोर धरणाकडे जाऊन येऊ. या दिवसांत तो रस्ता फार सुंदर असतो." दिरांना सुट्टी नव्हती. ती, रेणू, हे आणि मी, असे चौघं निघालो.

मी मागे. रेणू पुढे, काकूजवळ.

सेलू मागे पडलं, हिंगणी आली. कापूस फुटला होता, तुरीला पिवळा फुलोरा होता. पुढे जंगल लागलं. सागाची पानं कडेनं तांबूस व्हायला लागली होती, गवत कमरेएवढं आणि सगळं सोनेरी. दोन झाडांच्या मधून एकदम धरणाचं पाणी दिसायचं, पुन्हा लपायचं. रस्त्यानं बाया सीताफळं घेऊन बसल्या होत्या. सुंदर होतं, नाही कसं म्हणू? पण माझं लक्ष पुढच्या सीटवर होतं. रेणूनं हात लांब करून काकूच्या केसात अडकलेला धागा काढला. काकूनं न पाहताच बाटली पुढे केली आणि रेणूनं न विचारताच झाकण उघडून दिलं. माझी पोरगी आता "मले" म्हणत नाही, "मला" म्हणते.

"काकू, दिवाळीला आपल्या घरी आकाशकंदील मी करणार हं," ती म्हणाली.

आपल्या घरी! म्हणजे वर्ध्याच्या. मी खिडकीबाहेर पाहिलं. दिवाळीला तू गावाला येणार की नाही, एवढं विचारायचं मी आठवडाभर मनात घोकत होते. ती "नाही" म्हणाली तर काय, या भीतीनं विचारलं नाही.

तेवढ्यात आवाज आला.

खुळ्‌... खुळ्‌-खुळ्‌... जसं काही डब्यात हलतंय.

"हे काय वाजतंय?" वैशालीनं गाडी हळू केली. "एखादा स्क्रू सैल झाला वाटतं. नवीन गाडी आहे हो!"

"उंदीर शिरला असंन," हे म्हणाले. हे भावसुनेशी सरळ बोलत नाहीत, खिडकीला सांगितल्यासारखं बोलतात. "नव्या गाडीत उंदरालेही बसावंसं वाटते."

रेणू हसली. तिनं पुढचा कप्पा उघडला, सीटखाली हात घातला. काही नाही. खड्डा आला की आवाज बंद, गुळगुळीत रस्ता आला की सुरू. हे उलटंच होतं.

मी मात्र शोधायला वाकले नाही. तो आवाज मी ओळखला होता.

आमच्याकडे कोजागिरीपर्यंत मुलींची भुलाबाई असते ना, तेव्हा मुली गाणी झाल्यावर खाऊ ओळखतात. जिच्या घरी भुलाबाई, तिची आई डब्यात खाऊ झाकून देते. मुली डबा कानाशी नेऊन हलवतात आणि आवाजावरून सांगतात, चिवडा, फुटाणे, शेंगदाणे. ज्या आईनं भरला तिनं तोंड उघडायचं नाही, असा नियम. दुसऱ्यांच्या घरी दुकानातली पाकिटं असायची. मी लाल भोपळ्याच्या बिया वाळवून, मीठ लावून भाजायची, कारण त्या वावरातल्या होत्या. रेणू लहान होती. पोरी डोकं फोडायच्या, शेवटी "हरलो" म्हणायच्या. मग ती डबा छातीशी धरून माझ्याकडे धावत यायची, "आई, कोणालेच नाई आलं ओळखता!"

गाडीत तोच आवाज होता. बिया कोरड्या किरकिरतात आणि शेवटची एक बी मागून पत्र्याला लागते, तसाच.

धरणाच्या भिंतीजवळ वैशालीनं गाडी सावलीत उभी केली. इंजिन बंद केलं. काचा वर. बाहेर वारा नाही, पाणी आरशासारखं.

खुळ्‌-खुळ्‌-खुळ्‌. मग थोडं थांबून, पुन्हा खुळ्‌-खुळ्‌.

कुणीच हसलं नाही. गाडी बंद असताना, कुणी हललंसुद्धा नसताना काय वाजेल? हे खाली उतरले, डिक्की उघडली, वाकून चाकांखाली पाहिलं. "काईच नाई," म्हणाले आणि डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. वैशालीचा चेहरा उतरला होता. मी ओठ घट्ट मिटून बसले होते. भीती वाटत होती, पण त्याहून मोठं एक वाटत होतं... पाहू, रेणू ओळखते का. काकूची पाण्याची बाटली न विचारता उघडतेस ना? पाहू.

रेणूनं मान तिरकी केली. डोळे मिटले. लहानपणी मिटायची तसेच.

"भोपळ्याच्या बिया," ती म्हणाली. "मीठ लावून भाजलेल्या. आईच्या."

आवाज थांबला. मध्येच, हात धरल्यासारखा.

रेणू मागे वळली. तिचे डोळे मोठे झाले होते. "आई, तुलेही ऐकू आलं ना?"

तुलेही म्हणाली. मी नुसती मान हलवली. येताना ती मागे माझ्याजवळ बसली, माझा हात धरून. हे पुढे बसले, अंग चोरून. वैशाली गाडी चालवत होती. सेलूजवळ रेणू हळूच म्हणाली, "दिवाळीले बिया भाजशीन? मी येतो अगोदरच, चुलीपाशी बसतो." मला न विचारताच उत्तर मिळालं. खरं सांगते, त्या वेळी मला भुताखेताचं काही पडलेलं नव्हतं. मी जिंकले होते. आरशात वैशालीचे डोळे दिसत होते आणि मला गोड वाटत होतं.

घरी आल्या आल्या मी फळीवर पाहिलं. तो जुना डबा जिथल्या तिथं होता. त्यात सांबाराचं बी भरलं होतं, झाकणावर धूळ तशीच. वैशालीनं गॅरेजमध्ये गाडी दाखवली. मेकॅनिक म्हणाला, काहीही सैल नाही.

इथं संपलं असतं तर मी लिहिलं नसतं.

दिवाळी झाली. रेणू आली, राहिली, परत गेली. एका दुपारी मी सांबाराच्या जुड्या बांधत होते तर वैशालीचा फोन आला. तिचा आवाज दबलेला.

"ताई, मी बोरच्या रस्त्यावर आहे. एकटी. गाडी बाजूला लावली आहे."

"काऊन व? काय झालं?"

"तो आवाज येतो आहे... मी म्हटलं, भोपळ्याच्या बिया. थांबला नाही."

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. "तसाच आहे का?"

"नाही. तुमचा किरकिरा होता. हा मऊ आहे. काहीतरी सरकतं, मग डब्याच्या कडेला टेकतं. फुटाणे म्हणून पाहिलं, करंजी म्हणून पाहिलं. ताई, आई होती तेव्हा एका वर्षी तिनं माझ्यासाठी डबा भरला होता. मामीकडे गेल्यावर मला कुणी डबा दिला नाही, मी नुसती गाणी म्हणायला जायची. त्या डब्यात काय होतं ते मला आठवत नाही. विचारायला कुणी नाही."

मी जुडी खाली ठेवली. म्हटलं, "ओळखता नाई आलं तर हरलो म्हणाचं असते. मंग डबा उघडते. बंद होईन."

मी कान देऊन ऐकलं, पण मला फक्त तिचा श्वास ऐकू आला.

"मी नाही म्हणणार, ताई," ती म्हणाली. "वाजू दे."

त्यानंतर मीच तिला म्हटलं, मले एकदा ने. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे काही मागितलं. परवा आम्ही दोघीच गेलो. साग आता पार करडा झाला आहे, पानं रस्त्यावर पडून कुरकुरतात, गवत आडवं झालं आहे. मी पुढच्या सीटवर होते, रेणूच्या जागेवर. पट्टा तिनंच लावून दिला. धरणाचं पाणी झाडांमधून दिसायला लागलं तशी तिनं गाडी हळू केली आणि मान तिरकी केली.

मी कान लावला. सगळा जीव कानात आणला. काहीच नाही. माझा डबा ओळखला गेला, तो आता वाजणार नाही. तिचा वाजतो आहे आणि ती तो उघडणार नाही, म्हणजे वाजतच राहील. यामागे काय आहे ते मला समजलेलं नाही. ह्यांना विचारलं तर म्हणतात, इचार नको करू. रेणू म्हणते, लिही. म्हणून लिहिलं.

गाडी उभी होती. वैशाली डोळे मिटून हसत होती, अगदी लहान पोरीसारखी, आणि शेजारी बसून मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. मला पुन्हा तिचा हेवा वाटला. पण मी बोलले नाही. डबा वाजत असताना मोठ्यांनी तोंड उघडायचं नसतं.