छोट्या साहेबांच्या गाडीचा क्रँक

एकाच गॅरेजात सात-आठ वर्षं काढली की किस्से आपोआप साचतात. बिदरच्या आमच्या गॅरेजातलेही असेच साचले. हसवायचं म्हणून सांगायला बसतो आणि बोलणं कुठून तरी हुसेन मिस्त्रींवर येतं.

*

हुसेन मिस्त्री आमचे उस्ताद. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या पोटातला तो फिरणारा वाकडातिकडा दांडा, किती झिजलाय हे ते नखानं सांगायचे. एकदा एक लॉरीवाला म्हणाला, "चाचा, नखानं काय कळतंय? मशीन लावा की." मिस्त्रींनी नख फिरवलं आणि म्हणाले, "पाच थाउ." थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मी मायक्रोमीटर लावला. पाचच भरले. लॉरीवाला गुपचूप स्वतःचं नख बघत बसला.

*

जहागिरी गेल्यावर राजेश्वर गावाकडच्या एका जहागीरदारांचे धाकटे चिरंजीव, सगळ्यांचे छोटे साहेब, हैदराबादला राहायला निघाले. त्यांना त्यांची दोन सीटांची लाल स्पोर्ट्स कार चालू करून हवी होती. ती पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे निजामाच्या राज्यात भारताची फौज शिरली त्या दिवसांपासून बंद होती. बैल जुंपून ओढत आणली. बैलवाले शरणप्पा अण्णा घाम पुसत म्हणाले, "बसणार दोघंच, मग हिचं तोंड एवढं लांब कामून केलंय?"

सगळे हसले. मिस्त्री हसले नाहीत. ती गाडी त्यांचा मुलगा यूसुफ चालवायचा.

त्या दंगलीच्या दिवसांत यूसुफ साहेबांना घेऊन याच गाडीतून बिदरकडं निघाला होता. कमठाण्याजवळ इंजिन जाम झालं. दोघं दोन दिशांना पळाले. साहेब पोचले. यूसुफ आजवर आलेला नाही. साहेब मात्र भेटेल त्याला सांगत, "पोरगा चांगला होता, पण इंजिनाकडं लक्ष नव्हतं. जाळून टाकलं." मिस्त्रींनी हे तीन वर्षं ऐकलं.

*

इंजिन खोललं. खालच्या ऑइल चेंबरला दगड लागून भोक पडलेलं. क्रँक बाहेर काढला, तर बेअरिंगच्या चारी जागा जळून निळ्या झालेल्या. मिस्त्रींनी प्रत्येक जागा आडवी-उभी मोजायला लावली. मी आकडे सांगत गेलो. मोजणी संपली तरी ते एकेका जागेवरून नख फिरवत राहिले.

"उस्ताद, मोजून झालंय की," मी म्हणालो.

"व्हय. मी मोजायलो न्हाई."

*

दुसऱ्या दिवशी साहेब आले. "फार झिजलाय का?"

"झिजला न्हाई साहेब, जळलाय," मिस्त्री म्हणाले. "तेल गेल्यावर लगीच थांबला असता तर एखादीच जागा जळली असती. चारी जळल्यात. लई लांब पळवलीय."

"तेच तर मी सांगतो. लक्ष नव्हतं त्याचं."

"तेलाचा काटा पडलाय, असं त्यानं तुमाला सांगितलं व्हतं का?"

साहेबांनी क्रँकवरच्या एका निळ्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "सांगितलं होतं. मागून लोक येत होते. मीच म्हणालो, थांबू नको."

मिस्त्रींनी मान हलवली. "दुसरा क्रँक घालावा लागंल," म्हणाले आणि हात धुवायला गेले. त्यानंतर यूसुफनं इंजिन जाळलं, असं साहेबांच्या तोंडून कुणी ऐकलं नाही.

*

दोन महिन्यांनी गाडी तयार झाली. ट्रायलला मिस्त्री स्वतः स्टिअरिंगवर बसले, शेजारी साहेब, आणि सीटांच्या मागं हत्यारांची पेटी धरून मी. बिदर मागं पडलं. इंजिनाचा आवाज असा गोड होता की साहेब गुणगुणायला लागले.

कमठाण्याजवळ मिस्त्रींनी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत बसले. दोन्हीकडं तुरीची शेतं होती, माणूस कुणी नव्हतं.

साहेबांनी हळूच विचारलं, "काय झालं मिस्त्री? काही बिघडलं का?"

"न्हाई," मिस्त्री म्हणाले. "हितं थांबता येतंय का, बघायलोय."