करमाडचं पहिलं रक्तदान
दवाखान्यात स्पिरिटचा वास आला की मला करमाडची शाळा आठवते. औरंगाबादेत आम्ही पाच मैत्रिणींनी नुकताच सेवेचा क्लब काढला होता आणि करमाडला रक्तदानाचं पहिलंच शिबिर ठेवलं होतं. वर्गात खाटा मांडल्या, डॉक्टर आले, पण गावकरी कडुनिंबाखाली उभे राहून नुसते बघत होते. "रक्त दिलं की माणूस वाळतो," कुणीतरी म्हणालं. दुपार उलटली तरी एकही जण आत येईना, तेव्हा डॉक्टर सामान आवरायला लागले. क्लबच्या नावानं रोज बोटं मोडणारी माझी आई त्या दिवशी आमचे डबे घेऊन आली होती. तिनं डबे खाली ठेवले, पदर खोचला आणि सरळ जाऊन खाटेवर आडवी झाली. "माझं घ्या," ती डॉक्टरांना म्हणाली. नंतर चहा पिऊन ती बाहेर ओट्यावर गेली. "बघा, वाळले का मी? लई घाबरता बाबा तुम्ही!" तिच्या भरल्या अंगाकडं बघून सगळे हसले, एक पैलवान गडी पुढं झाला आणि मग दारात रांगच लागली. आज क्लबात येणारी नवी मुलं विचारतात, आपला पहिला रक्तदाता कोण? मी ताठ मानेनं सांगते, माझी आई.