सॅमचं वजन

अंगणवाडीत किस्से जमवायला वेगळं काही करावं लागत नाही. सकाळी कुलूप उघडलं की झालं! आमच्याकडे रजिस्टरं ढिगानं आहेत. हजेरीचं, वजनाचं, आहाराचं, गृहभेटीचं. किस्स्यांचं मात्र एकही नाही. त्यामुळे ते सगळे माझ्या डोक्यात साठतात आणि चार माणसं भेटली की बाहेर पडतात. नवरा म्हणतो, "तुला विचारलं कुणी?" कुणी विचारायची वाट बघत बसले तर फुटेन मी!

काशीदच्या जरा पुढे, समुद्राला लागून आमचं गाव. तिथं मी सेविका. माझी मदतनीस जनाबाई, कोळीवाड्यातली. खिचडी ती शिजवते, पोरांना घरून गोळा करून ती आणते आणि मी जास्त बोलायला लागले की मला गप्पही तीच करते. तर हे किस्से आमच्या सॅमचे.

*

अंगणवाडीच्या माळ्यावर मांजर व्यायली होती. चार पिल्लं. चौथ्या दिवशी तिनं एकेक तोंडात धरून मुक्काम हलवला. तीन नेली. चौथ्यासाठी ती येईल म्हणून आम्ही दोघी दिवसभर कुजबुजत बोललो, पोरांनाही कुजबुजत बडबडगीतं म्हणायला लावली. मांजर काही आली नाही.

संध्याकाळी जनाबाईनं पिल्लू खाली काढलं. माझ्या अंगठ्याएवढं डोकं, डोळे मिटलेले, पोट पाठीला लागलेलं. ओरडायलाही अंगात जीव नव्हता. तोंड उघडायचं आणि आवाजच यायचा नाही.

अंगणवाडीत नवं मूल आलं की आमचा हात आपोआप वजनकाट्याकडे जातो. तान्ह्या बाळांच्या काट्यावर ठेवलं. ऐंशी ग्रॅम!

आता आमच्या खात्याच्या भाषेत तीव्र कुपोषित मूल म्हणजे सॅम आणि मध्यम कुपोषित म्हणजे मॅम. दिवसातून दहादा हे शब्द आमच्या तोंडात असतात. जनाबाईनं काट्याकडे बघितलं, मान हलवली आणि म्हणाली, "बाई, ह्यो सॅम हाय."

झालं. तेच नाव पडलं.

*

अठरा वर्षं मी गावातल्या बायांना बाळाला कसं पाजायचं ते शिकवतेय. तक्ते लावून, बाहुली हातात घेऊन. त्यामुळे सॅमला पाजणं म्हणजे काय मोठं, असं मला वाटलं! मांडीवर उताणा घेतला, डोक्याखाली हात दिला आणि ड्रॉपरनं दूध सोडलं. तोंडातून गेलं आणि नाकातून बाहेर आलं.

घाबरून मुरूडच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. सगळं ऐकून ते ओरडलेच, "अहो, उपडं धरा त्याला! माणसाचं पोर आहे का ते? आणि अंग गार असताना पाजू नका. आधी ऊब, मग दूध. गाईचं नको, तूर्त शेळीचं द्या. आणि हो, पाजून झालं की ओल्या कापसानं खालून पुसायचं, आई चाटते तसं. त्याशिवाय त्याला शी-शू होणार नाही."

फोन स्पीकरवर होता. जनाबाई कापसाचा बोळा घेऊन उभी राहिली.

"म्हंजी खायला बी आपन शिकवायचं आनि हागायला बी आपनच? मंग ह्यो सोता करनार काय?"

डॉक्टर म्हणाले, "जगला तर बरंच करेल."

जनाबाईनं त्यानंतर चेष्टा केली नाही. गुपचूप कापूस ओला करून आणला.

*

ऊब म्हटल्यावर आम्हाला एकच गोष्ट माहीत. कमी वजनाच्या बाळाला आईनं छातीशी धरून ठेवायचं, अंगाला अंग लागलं पाहिजे. ह्यालाच म्हणतात कांगारू पद्धत. तिचा तक्ता आमच्या भिंतीवर आहे. जनाबाईनं तक्त्याकडे बघितलं आणि सॅमला रुमालात गुंडाळून सरळ ब्लाउजमध्ये ठेवला. दोन-दोन तासांनी काढायचा, पाजायचा, पुसायचा, परत आत. खिचडी ढवळतानाही तो आतच!

अशातच आम्ही झुबेदाचाचीकडे गृहभेटीला गेलो. चाचीची सून बाळंतीण. मी तिला सांगत होते, सहा महिने फक्त आईचंच दूध, वरचं काही नाही. तेवढ्यात जनाबाईचा ब्लाउज हलला. चाचीनं बघितलं. परत हलला. चाचीनं डोळे मिटून काहीतरी पुटपुटून फुंकर मारली.

"जना, तबियत ठीक हाय ना तुझी?"

जनाबाईनं सॅम काढून दाखवला. चाची आधी किंचाळली आणि मग तिनंच त्याला ओंजळीत घेतला. "या अल्ला, बिचारा! माझी मांजर सुलताना चार दिवसांपूर्वीच व्यालीये. लाव तिलाच! आताच बोलल्या ना बाई, आईचंच दूध?"

आता माझंच वाक्य माझ्यासमोर! नाही कसं म्हणणार? सॅमला सुलतानाच्या पिल्लांत ठेवला. सुलतानानं हुंगलं. त्याला येत होता जनाबाईच्या फोडणीचा वास. तिनं एक पंजा असा दिला की सॅम टोपलीतून बाहेर!

चाचीनं मनाला लावून घेतलं. मुलाला कतारला फोन केला. तो त्याच आठवड्यात सुट्टीवर येणार होता. लोकांची मुलं तिकडून अत्तर आणतात, खजूर आणतात. चाचीच्या मुलानं मांजरीच्या पिल्लांच्या दुधाचे तीन डबे आणले! बॅग उघडली तेव्हा त्याची बायको म्हणाली, "आणि माझ्यासाठी?" बिचारा म्हणाला, "अम्मीनं तुझं काही सांगितलंच नाही."

*

वजनाचा एक ग्रुप मी केला होता. मी, जनाबाई, चाची आणि डॉक्टर. नाव 'सॅम'. एके सकाळी घाईत मी मेसेज टाकला: "सॅमचं वजन वाढत नाही. दूध नाकातून आलं. अंग गार. आई टाकून गेली आहे."

टाकला आमच्या बीटच्या ग्रुपवर! चाळीस सेविका आणि सुपरवायझर मॅडम. फोन पिशवीत ठेवून मी गृहभेटीला निघून गेले. आणि आमच्या अंगणवाडीचा महिन्याचा रिपोर्ट काय, तर सॅम मुलं शून्य!

दुपारी जीप आली. मॅडम आणि सोबत आरोग्य केंद्राच्या सिस्टर. अंगणवाडीत जनाबाई एकटी. पुढचं मला सिस्टरनं सांगितलं.

"सॅम कुठाय?"

"झोपलाय."

"त्याची आई?"

"तिघांना घेऊन गेली, ह्याला टाकला."

"तिघांना? एकावेळी चार झाली?"

"व्हय. वर्साला दोनदा होतात."

मॅडम पोरांच्या छोट्या खुर्चीवर बसल्या.

"तिचा नवरा काय करतो?"

"नवरा कुठला, म्याडम! परवाच दोघं कौलांवर भांडत व्हती तिच्यावरनं. सगळा गाव जागा झाला."

सिस्टर भराभर लिहून घेत होत्या. मॅडमचा आवाज चढला. "गावात असं चाललंय आणि तुम्ही कळवत नाही? आधी बाळ दाखवा!"

जनाबाईनं ब्लाउजमध्ये हात घातला आणि सॅम टेबलावर, रजिस्टरवर ठेवला.

मी पोचले तेव्हा तिघी त्याच्याभोवती उभ्या होत्या. मला वाटलं, आता मेमो! मॅडमनी बराच वेळ सॅमकडे बघितलं. मग विचारलं, "काल किती होता?"

"शंभर, मॅडम."

"आज?"

"शंभरच."

"बरोबर नाही हे. दोन तासांचं दीड तासावर आणा." जीपमध्ये बसल्यावर त्यांनी काच खाली केली. "वजन मला कळवत जा. ग्रुपवर नको!"

*

आता जनाबाईचा नवरा, धर्मा. उंच माणूस, होडीवर जातो, दिवसाला मोजून दहा शब्द बोलतो. त्याच्या जेवणात मासे नसतील तर त्याला आपण जेवलो असं वाटतच नाही.

जनाबाईनं गावदेवीला नवस बोलला. सॅम दोनशे ग्रॅम होईपर्यंत म्हावरा खाणार नाही. आणि खाणार नाही तर रांधणारही नाही! ताजे पापलेट घरी आणायचे आणि दुधी खायचा, अशी धर्माची गत झाली. तो रोज सकाळी जाताना अंगणवाडीच्या दारात थांबायला लागला.

"बाई, किती?"

"एकशे वीस."

तो निघून जायचा. पाठ बघूनच कळायचं, आज पण दुधी.

एकशे चाळीसपर्यंत ठीक चाललं आणि मग काटा अडला. चार दिवस एकशे चाळीस. सॅमनं दूध तोंडात घ्यायचं सोडलं. डॉक्टर येऊन गेले, औषध दिलं, म्हणाले, "आज-उद्या बघू. फार आशा धरू नका." जनाबाईनं ऐकून घेतलं आणि घरी जाऊन जेवणच सोडलं. नुसता चहा. तिला समजावता समजावता मीच रडले, खोटं कशाला बोलू! एवढ्या पोरांची वजनं केली, पण ह्या मुठीएवढ्या जिवानं माझी झोप घालवली होती.

पाचव्या दिवशी धर्मा दारात होताच. काट्यावर आम्ही घडी घातलेला नॅपकिन ठेवतो. तो ठेवून मी काटा शून्यावर आणला आणि सॅमला घ्यायला आत गेले. बाहेर येऊन ठेवला, तर दोनशे!

जनाबाईनं अशी आरोळी ठोकली की पोरं घाबरून रडायला लागली. तिनं सॅमचा मुका घेतला, माझा घेतला, चाचीकडे पळत गेली. त्या रात्री त्यांच्या घरी सुरमई तळली. चार दिवसांनी जनाबाई पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी धुवायला म्हणून मी नॅपकिन झटकला आणि ठण्णकन काहीतरी फरशीवर पडलं. जाळं पाण्यात खाली बसावं म्हणून त्याला लावतात ते शिशाचे मणी. चार.

जनाबाई समोरच उभी होती. धर्माही दारात होता.

"माशांसाठी?" तिनं विचारलं.

"न्हाय," धर्मा म्हणाला. "तू जेवत नव्हतीस."

जनाबाईनं खाली वाकून मणी गोळा केले आणि काट्यावर ठेवले. पन्नास ग्रॅम.

"बाई, दोनशेतून पन्नास गेले की किती?"

"दीडशे."

"आनि परवा व्हता एकशे चाळीस."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. काटा हलला होता! मी घाईघाईनं सॅमला ठेवला. एकशे साठ. आणि ठेवल्या ठेवल्या त्यानं माझ्या बोटाला तोंड लावलं आणि ओढायला लागला. आवाजही केला, पहिल्यांदा. जनाबाई फरशीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. धर्मा चपला काढून आत आला, तिच्या शेजारी नुसता उभा राहिला.

रडून झाल्यावर तिनं वर बघितलं. "माजा नवस तू मोडलास. आता तुजा नवस. सॅम तीनशे होईपर्यंत तू म्हावरा न्हाय खायचास. मी खानार. तुज्यासमोर!"

धर्मानं मान हलवली.

पुढे रोज सकाळी तो दारात यायचा, दोन्ही हात उघडे करून दाखवायचा आणि म्हणायचा, "बाई, झडती घ्या, पन मोजा लवकर!"

सॅमनं तीनशे गाठले त्या दिवशी जनाबाईनं नॅपकिन झटकला, काटा उचलून खालून बघितला, नवऱ्याचे खिसे तपासले आणि मगच मानलं. आमच्याकडे बाळ खायच्या वयाचं झालं की उष्टावण करतात. तसं सॅमचंही करायचं ठरलं. चाची आली, डॉक्टर वाटेवरून डोकावले, मॅडमचा व्हिडिओ कॉल लागला. पोरं गोल करून बसली. धर्मानं पहाटे होडीवरून आणलेली ताजी मांदेली जनाबाईनं उकडून, काटे काढून पाटावर ठेवली. पहिला घास सॅमचा, मग धर्माचा, असं ठरलं होतं.

सॅमनं मांदेली हुंगली. एकदा. परत एकदा. मग तोंड फिरवलं, डुलत डुलत शेजारच्या पोरीच्या ताटलीपाशी गेला आणि चवीनं आमची खिचडी खायला लागला.

धर्मानं सॅमकडे बघितलं, मांदेलीकडे बघितलं, मग बायकोकडे बघितलं.

"मंग ह्यो म्हावरा मी खाऊ?"