डॅडींनी पाहिलेलं शोप्रोन

माझे डॅडी, डॉमनिक, मूळचे वसईचे. कतारला, दोह्यात एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होते. त्यांच्या शेजारच्या टेबलावर लास्लो अंकल बसत, हंगेरीचे सर्व्हेअर. शुक्रवारी ते ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटवर जेवायला येत आणि ममीच्या हातचं बोंबलाचं कालवण खाता खाता आपल्या गावाबद्दल बोलत. शोप्रोन, ऑस्ट्रियाच्या अगदी हद्दीवरचं. जुना उंच बुरूज, दगडी गल्ल्या, भोवती द्राक्षमळे. वेलींच्या ओळींमध्ये लोक घेवडा लावत. ज्या घरी नवी वाइन विकायला असे, त्या दारावर हिरवी डहाळी टांगलेली दिसे.

"आमच्या वाडीत केळींमध्ये अळू लावतात," डॅडी म्हणत. बाहेर रखरखीत वाळू, आणि आत या दोघांच्या शेतीच्या गप्पा!

छप्पन्न साली रशियाच्या रणगाड्यांनी हंगेरीतला उठाव चिरडला, तेव्हा अंकल हद्द ओलांडून पळाले होते. आई मागेच राहिली. पुढे सरकारनं पळालेल्यांना माफी दिली, लोक जाऊन येऊ लागले. यांचा मात्र विश्वास बसेना. "गेलो तर परत सोडणार नाहीत," म्हणत.

एक्क्याऐंशी साली कंपनीनं डॅडींना ट्रेनिंगसाठी व्हिएन्नाला पाठवलं. अंकलनी आईचा पत्ता दिला. एका रविवारी खजुराचा डबा घेऊन डॅडी आगगाडीनं शोप्रोनला गेले. दार म्हातारीनंच उघडलं. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. डॅडींनी "लास्लो" म्हणताच तिनं दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरला. मग घेवड्याचं सूप वाढलं, तांबडी वाइन ओतली, आणि जेवताना त्यांना रागवायला लागली.

"काय म्हणाली?" परत आल्यावर अंकलनी विचारलं.

"शब्द नाही कळले. पण 'मेल्या, येतोस कधी?' असं माझी आई ज्या सुरात विचारते ना, तोच सूर होता."

अंकल ताटावरून उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. ममीनं आम्हां मुलांना तिकडे जाऊ दिलं नाही.

त्याच उन्हाळ्यात ते गावी गेले. कुणी अडवलं नाही. मग दरवर्षी जात राहिले. आईच्या शेवटच्या दिवसांत तिच्या उशाशी होते. एकोणनव्वद साली हद्द खुली झाली, तसं त्यांनी दोहा कायमचं सोडलं.

डॅडी पुन्हा कधी तिकडे गेले नाहीत. पण सुटीत वसईला गेलो की लोक त्यांना कतारबद्दल विचारत, आणि ते शोप्रोनचं सांगत बसत.